दुधी काचेचा व्हरांडा

सोलापुरात घर बांधणारा माणूस आधी विचार करतो तो उन्हाला बाहेर कसं ठेवायचं याचा. भिंती जाड, खिडक्या लहान, उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा. आम्ही मात्र ऊन आत घेण्यासाठी मुद्दाम काचेची खोली बांधली. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. सोसायटीतल्या लोकांना हसायला कारणच मिळालं. शेजारचे एक गृहस्थ फाटकाशी उभे राहून म्हणाले, "मास्तर, सोलापुरात ऊन साठवायला खोली? आता दुष्काळात फोडलेली खडी साठवायलाही एक गोदाम काढा." अण्णा हसले नाहीत. ते हातात खडू घेऊन जमिनीवर रेघा मारत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात गणित शिकवायचे. शहराबाहेर नव्यानं झालेल्या सोसायटीत त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. पुढं पूर्वेला लांबलचक व्हरांडा, वर सिमेंटचे पत्रे, कडेनं बसायला शहाबादी फरशीचा कट्टा. डाव्या टोकाला पायऱ्या आणि घरात जायचं दार. बाकी सगळा व्हरांडा उघडा, रस्त्याकडं तोंड करून. घर अण्णांचं होतं, पण व्हरांडा आईचा होता. धान्य निवडणं, शेंगा फोडणं, चटणी कुटणं, वेणी घालणं, सगळं तिथंच. स्वयंपाकघरात ती फक्त कामापुरती जायची.

आई अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. माहेरी सगळे कानडी बोलायचे. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती माढ्याकडच्या आमच्या मराठी घरात आली, तेव्हा तिला मराठीत 'हो' आणि 'नाही' एवढंच येत होतं. सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "चुलीपुढं कानडी नको. आम्हाला शिव्या देतीयस का देवाचं म्हणतीयस, कसं कळावं?" आईनं ते इतकं मनावर घेतलं की सासू गेल्यावरही तिनं घरात कधी कानडी काढलं नाही. मी तिची एकुलती एक, पण तिच्या तोंडून मी अंगाईसुद्धा मराठीच ऐकली. तिचं मराठी चांगलं होतं, फक्त शेवटाला जरा हेल यायचा. शाळेत असताना मला त्या हेलाचीही लाज वाटायची. माझ्या बाईंशी बोलायला अण्णांनीच यावं असा मी हट्ट धरत असे.

तिचं कानडी जिवंत राहिलं ते दहीवालीमुळं. ही बाई मंद्रूपहून पहिल्या एसटीनं यायची. डोक्यावर पाटी, पाटीत म्हशीच्या दह्याची गाडगी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सगळी सोसायटी फिरून झाली की नऊच्या सुमाराला आमच्या कट्ट्यावर टेकायची. आमचं घर ती मुद्दाम शेवटी ठेवायची, म्हणजे मग उठायची घाई नाही. ती आईला अक्का म्हणायची, आई तिला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मग दोघींचं जे कानडी सुरू व्हायचं ते अण्णा जेवून शाळेला निघेपर्यंत चालायचं. आई त्या वेळी मोठ्यानं हसायची. एरवी तिला इतक्या मोठ्यानं हसताना मी पाहिलेलं नाही.

कट्ट्याची एक रीत असते. ज्याला टेकावंसं वाटेल त्यानं टेकावं, पाणी मागावं, दोन शब्द बोलावेत. त्याला विचारावं लागत नाही. उंबऱ्याच्या आत यायचं तर मात्र घरच्या बाईनं 'या' म्हणावं लागतं. दहीवाली बारा वर्षं आली, तिनं आमचा उंबरा एकदाही ओलांडला नाही. आईनंही तिला आत बोलावलं नाही. गरजच पडली नव्हती.

भाद्रपदात एका सकाळी आई व्हरांड्यात शेंगा फोडताना एका अंगावर कलंडली. अर्धांगवायू. उजवा हात आणि पाय गेले, तोंड वाकडं झालं, वाचा बसली. तिला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आतल्या खोलीत तिचा जीव घुसमटायला लागला, म्हणून अण्णांनी खाट व्हरांड्यात टाकली. मी बी. ए. होऊन घरीच होते, 'स्थळं बघणं चालू आहे' या सदरात. त्यामुळं आईचं सगळं माझ्याकडं आलं.

दसऱ्याच्या आसपास तिच्या तोंडून पुन्हा आवाज फुटायला लागला. पण जीभ जड होती, काय बोलते ते आम्हाला कळेना. आम्हाला वाटलं, नुसतीच बडबड आहे, डोक्यावर परिणाम झाला. मी न्हाणीघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी दहीवाली आली, कट्ट्यावर टेकली, आईचं बोलणं तिनं मान वाकडी करून ऐकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का म्हन्त्यात, उशी लई उंच हाय. मान दुकतीय."

आईला कानडी परत आलं होतं. मराठी आलं नाही. आम्ही बोललेलं तिला बरंचसं कळायचं, पण उत्तर द्यायला गेली की कानडीच यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, आधी शिकलेली भाषा आधी उठते. अण्णांना हे गणितासारखं पटलं. मला मात्र राग आला. माझ्याशी ती तेवीस वर्षं ज्या भाषेत बोलली ती गेली, आणि मला न शिकवलेली तेवढी राहिली, याचा राग. आजारी माणसावर कसला राग धरायचा, पण आला हे खरं आहे.

तरी ते दीड-दोन महिने आमच्या घरातले बरे दिवस होते. दहीवाली रोज यायची, खाटेशेजारी कट्ट्यावर बसायची. आई बोलायची, ती आम्हाला सांगायची. "भाकरी नको, दहीभात दे म्हन्त्यात." "पायावर चादर घाला म्हन्त्यात." "मास्तरांची इजार फाटलीय म्हन्त्यात, शिवून घ्या की वो." आईच्या तोंडातून निघालेलं सगळं ती जसंच्या तसं मराठीत आणून ठेवायची, काही मागं ठेवायची नाही. दिवसभराची विचारपूस त्या तासात उरकायची. स्वतःच्या हातानं ती आईला दोन घास दहीभात भरवायची, आणि मी भरवलेला घास तोंडातून बाहेर काढणारी आई तिच्या हातचा गिळायची.

कार्तिक संपता संपता पहाटेचा वारा बोचायला लागला. डॉक्टर म्हणाले, सकाळचं ऊन चांगलं, पण वारा नको. खाट आत न्यायची तर ऊन नाही आणि बाहेर ठेवायची तर वारा. मी म्हणाले, "अण्णा, व्हरांड्याचा हा भाग बंद करून घेऊ. काचा लावू. ऊन येईल, वारा येणार नाही."

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वारा होता हे खरं, पण माझ्या डोक्यात वारा नव्हता. पुण्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. माघात मंडळी मला बघायला येणार होती. ती पायऱ्या चढून येणार, आणि पहिल्यांदा त्यांच्या नजरेला काय पडणार, तर वाकड्या तोंडाची, लाळ गळणारी, कुणाला न कळणारं बोलणारी माझी आई. रस्त्यानं जाणाऱ्या बायका फाटकाशी थांबून "अरेरे, काय होती आणि काय झाली," म्हणायच्या, तेव्हाच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून साध्या काचा आणू म्हणणाऱ्या अण्णांना मी सांगितलं, दुधी काचा आणा. उजेड येईल, बाहेरून दिसणार नाही. "आईलाही बरं, लोकांच्या नजरा नकोत," असं मी वर म्हणाले. अण्णांना ते माझं शहाणपण वाटलं.

अण्णांनी मात्र त्या खोलीत जीव ओतला. त्या वेळी सिमेंट परमिटावर मिळायचं. त्यांनी सुवाच्य अक्षरात चार अर्ज लिहिले, कचेरीत खेटे घातले आणि सायकलला पोती बांधून स्वतः आणली. पाडलेल्या एका जुन्या बंगल्याच्या सागवानी खिडक्या मिळवल्या. आणि चार रविवार ते पहाटेपासून व्हरांड्यात खडू घेऊन बसले. दर अर्ध्या तासाला ऊन कुठवर आलं त्याची रेघ मारायचे, वेळ लिहायचे. खाट अशी ठेवायची की साडेसातला ऊन पायावर येईल, सव्वाआठला कमरेवर, नऊला छातीवर आणि डोळ्यांवर कधीच येणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात आईसाठी त्यांनी साधी वेणी आणलेली मला आठवत नाही. पण हे मात्र त्यांनी केलं.

सुतार म्हातारा होता, दाढीला मेंदी लावलेला. तो एकदाच बोलला. "मास्तर, हवा कू बी रस्ता रखो. ये सोलापूर हय." अण्णांनी त्याला खडूच्या रेघा समजावून सांगितल्या. त्यानं रेघांकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं आणि रंधा मारायला लागला.

काम चालू होतं तेव्हा कट्ट्यावर वाळू आणि वासे पडलेले असायचे. दहीवाली रस्त्यातच उभी राहायची, आई आतल्या खोलीतून काहीतरी म्हणायची, पण तेवढ्या लांबून ऐकू जायचं नाही. एक दिवस सुतारानं दाराची चौकट उभी केली. दहीवालीनं ती खालपासून वरपर्यंत पाहिली. "दार कशाला वो ताई? कट्ट्याला दार बसिवत्यात व्हय?"

"थंडी आहे," मी म्हणाले.

मार्गशीर्षात खोली पुरी झाली. नारळ फोडला. आईला उचलून त्या खाटेवर ठेवलं आणि खरोखर साडेसातला तिच्या पायावर ऊन आलं. अण्णांनी घड्याळ काढून पाहिलं. त्यांचा चेहरा आनंदानं कसा फुलून आला होता ते मी विसरलेले नाही.

नऊला रस्त्यात हाक आली, "दही वो!" दुधी काचेवर डोक्यावर पाटी घेतलेली आकृती उभी राहिली. आईनं डावा हात वर केला. दहीवाली बंद दारापुढं थांबली. कट्टा आता दाराच्या आत गेला होता, आणि दाराच्या आत म्हणजे घरात. 'या' म्हणायला घरची बाई हवी, आणि घरची बाई म्हणजे आई. तिचा आवाज काचेपलीकडं जात नव्हता. मी बाजूच्या पायऱ्यांनी बाहेर आले, भांडं पुढं केलं, दही घेतलं. तिला आत बोलावणं एका अक्षराचं काम होतं. पण ती आत आली असती तर दार उघडं राहिलं असतं, तासभर मोठमोठ्यानं कानडी चाललं असतं, आणि मी एवढा खटाटोप करून जे झाकलं होतं ते पुन्हा रस्त्यावर आलं असतं. मी हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून मागच्या दारानं या. इकडं दार उघडलं की वारा येतो."

ती आठ-दहा दिवस मागच्या दारानं आली. दाराबाहेरच्या मोरीपाशी दही घातलं, पाणी प्यायली, गेली. रोज विचारायची, "अक्का बरी हाय का?" मी म्हणायची, बरी आहे. शेवटी एक दिवस ती भांडं हातात धरूनच उभी राहिली. "अक्का मला बोलावती का वो?"

आई रोज नऊला डावा हात वर करत होती. मी म्हणाले, "तिला आता कुणीच नको वाटतं. डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. अण्णांना मी सांगितलं, तिनं आपल्या बाजूची फेरी सोडली.

मग आईचं आणि आमचं बोलणं सुरू झालं ते असं. आई काहीतरी म्हणायची, अण्णा ते देवनागरीत एका वहीत उतरवून घ्यायचे. शाळेतल्या शिपायाला कानडी येत होतं. मधल्या सुट्टीत त्याला विचारून अण्णा अर्थ लिहून आणायचे. सकाळी दहाला आईनं मागितलेलं पाणी संध्याकाळी साडेपाचला आम्हाला कळायचं. सोलापुरात कानडी येणाऱ्यांचा काय तोटा! दोन गल्ल्या पलीकडं कुणीतरी मिळालं असतं. पण माणूस घरात आणायची मलाच लाज. आणि मला स्वतःला शिकता आलं असतं. बी. ए. झालेली मुलगी, पाच महिने हाताशी, एका भाषेतले पन्नास शब्द शिकणं काही अवघड नव्हतं. मी त्या पाच महिन्यांत दोन स्वेटर विणले.

आई एक शब्द फार वेळा म्हणायला लागली होती. "बागला." अण्णांनी वहीत लिहून नेला आणि अर्थ आणला. "बागला म्हणजे दार. दारातून वारा येत असेल तिला." त्या रविवारी अण्णांनी दाराच्या फटीत जुन्या धोतराच्या चिंध्या ठोकून बसवल्या. एकही फट ठेवली नाही. आई त्यांच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पदरानं पुसलं. मला तेव्हाच समजलं होतं की आईला दार उघडायला हवंय. मी बोलले नाही.

माघात पाहुणे आले. पायऱ्या चढले, थेट घरात गेले. मुलाच्या वडिलांनी दुधी काचांचं कौतुक केलं. "छान बंदिस्त केलंय. आत काय आहे?" मी म्हणाले, "आई आहे. विश्रांती घेते." त्यांनी मान हलवली आणि चिवड्याची बशी पुढं ओढली. पंधरा दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. वाचून मला रडूसुद्धा आलं नाही. इतकं सगळं मी ज्यांच्यासाठी केलं होतं, त्यांचा चेहराही मला नीट आठवत नव्हता.

फाल्गुन सरला आणि ती खोली तापायला लागली. चैत्रात सकाळी आठलाच तिथं भट्टी व्हायची. वरून पत्रे, पुढून काचा, हवेला रस्ता नाही. आईच्या अंगावर घामोळं उठलं. खाट पुन्हा आतल्या अंधाऱ्या खोलीत न्यावी लागली. रिकाम्या खोलीत उभं राहून अण्णा म्हणाले, "गणित बरोबर होतं. महिनाच चुकला." आणि ते एकाएकी म्हातारे दिसायला लागले.

आतल्या खोलीत गेल्यावर आईनं बोलणं सोडलं. हळूहळू खाणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम आता संपलंय, माणूस बोलतं ठेवा. अण्णा म्हणाले, "त्या दहीवालीला बोलवायला हवं होतं. कुठं गेली कोण जाणे." तिच्या गावचा बाजार कधी असतो ते मी त्याच संध्याकाळी विचारून आले.

मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीनं गेले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण गेले. शोधायला वेळ लागला नाही. बाजाराच्या कडेला, पुढं दोन गाडगी घेऊन ती बसली होती. मला पाहून उठली नाही. "अक्का गेली का वो?" एवढंच विचारलं.

"नाही. पण ती बोलत नाही. तुम्ही चला."

"तुमीच म्हन्लाव की, तिला कोन नको म्हनून."

"मी खोटं बोलले. ती रोज तुमची वाट बघत होती."

शिव्या देईल असं वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "दही सपू दे, मग येते. हितं बसा." मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसले. दोन तास. उन्हात. तिनं मधेच आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं.

दुपारी आम्ही घरी पोचलो. ती पायऱ्यांशी थांबली. मी म्हणाले, "या, आत या." तिनं चपला काढल्या आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आमचा उंबरा ओलांडला. आईच्या खाटेशी खाली बसून तिनं आईचा डावा हात हातात घेतला आणि कानडीत काहीतरी म्हणाली.

आईनं डोळे उघडले. आधी नुसतीच बघत राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि पंधरा दिवस न बोललेली बाई रडत रडत बोलायला लागली. मी आणि अण्णा दारात उभे होतो. बोलणं थांबल्यावर दहीवाली माझ्याकडं वळली. दसऱ्यापासून तिला सवयच पडली होती, अक्का बोलली की आम्हाला सांगायचं. तिनं सांगून टाकलं, "अक्का इचारत्या, माजं तोंड वाकडं झालं म्हनून तू येईनाशी झालीस का? तुला किळस आली का माजी?"

किळस कुणाला आली होती हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. मी आईच्या उशाशी जाऊन बसले. म्हणाले, "आई, तिला नाही गं. मला लाज वाटली. बघायला येणार होते, म्हणून मी तुला झाकून ठेवलं. तिला मीच मागच्या दारी पाठवलं, आणि तुला कुणी नको असं मीच सांगितलं." हे सगळं मराठीत, अण्णांच्या देखत. अण्णा भिंतीला टेकले.

आईला समजलं. ती मान वळवून दहीवालीला कानडीत दोन-तीन वाक्यं बोलली. आवाज लहान होता पण सूर कडक होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय न्हाय वो," दहीवाली खाली बघत म्हणाली. "आमचं आमचं हाय." आईचं बोलणं तिनं आमच्यापासून राखून ठेवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

संध्याकाळी अण्णांनी पेचकस घेऊन काचेच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं. मग खिडक्यांच्या झडपा काढल्या. एकेक काढून मागच्या भिंतीला लावून ठेवली. मला मदतीला बोलावलं नाही. खाट पुन्हा बाहेर आणली. त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलले, पण त्या गोष्टीबद्दल कधीच बोलले नाहीत.

दहीवाली रोज आली. वैशाख सगळा आली. आई थोडी जेवायला लागली, थोडी बोलायला लागली. एक दिवस हसलीसुद्धा, तोंड वाकडं असल्यामुळं ते हसू अर्धंच दिसलं. ती बरी होईल असं मला वाटायला लागलं होतं. ज्येष्ठात एका सकाळी, दही घ्यायच्या आधीच, ती गेली.

तेराव्याला दहीवालीनं स्वतःहून मोठं गाडगं भरून दही आणलं. जेवणं उरकल्यावर ती कट्ट्यावर बसली होती, मी तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हणाले, "त्या दिवशी आई काय म्हणाली होती? आता तरी सांगा. शिव्या दिल्या असतील तरी सांगा."

"तुमाला न्हाई रागावली. मला रागावली," ती म्हणाली. बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "म्हन्ली, तिच्याम्होरं कशाला बोललीस गं? बिनआईची होनार हाय पोरगी. आता माजं एवडंच ध्यानात ठिवून बसंल जलमभर."

मग तिनं रिकामं गाडगं पाटीत ठेवलं, आणि एसटी चुकेल म्हणून ती उठली.